एकेचाळिसावी लेव्हल आणि मुराळी

निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात मी फोनवर बुरुजांचा खेळ घेतला. कोणी आग्रह केला नव्हता. वर्तमानपत्र वाचून झालं, शब्दकोडं सोडवून झालं, बायकोला स्वयंपाकातल्या दोन सुधारणा सुचवून झाल्या, तिने झारा दाखवून मला बाहेर घालवलं, तरी घड्याळात पावणेदहाच वाजले होते. छत्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाने पावणेदहानंतर करायचं तरी काय?

खेळ तसा सोपा. एक वळणावळणाचा रस्ता असतो. त्याच्या एका टोकाकडून शत्रू चालत येतात, दुसऱ्या टोकाला आपलं दार. रस्त्याच्या कडेला जागा आखून दिलेल्या असतात, तिथे आपण बुरूज बांधायचे. कुठे बाणांचा, कुठे तोफेचा, कुठे बर्फाचा. बर्फाने शत्रू मरत नाही, पण त्याची चाल मंदावते. बुरुजाला नाणी लागतात आणि शत्रू पडला की नाणी मिळतात. शत्रू लाटेलाटेने येतात. एखादा दारातून आत शिरला की वीस जिवांतला एक जातो. एकही जीव न गमावता लेव्हल पार केली तर तीन तारे, थोडे गमावले तर दोन, पार अंगाला राख फासून जिंकलात तर एक.

मला तर पहिल्या दिवशीच हर्ष झाला. प्रस्ताव नाही, अंदाजपत्रक नाही, निविदा नाही. बोट टेकवलं की बुरूज उभा! आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचं हा घोळ नाही. नोकरीत मी एक पूल बारा वर्षं कागदावर बांधत होतो. इथे सकाळच्या चहापर्यंत माझे नऊ बुरूज झालेले असायचे.

चाळीस लेव्हल मी पार केल्या, आणि सगळ्या तीन ताऱ्यांनी. एक जीव गेला तरी मी लेव्हल बंद करून पहिल्यापासून लावायचो. माझ्या गोपनीय अहवालात छत्तीस वर्षांत एक प्रतिकूल शेरा नाही, तिथे खेळातल्या एखाद्या उंदरामुळे मी डाग लावून घेणार होय?

आणि मग आली एकेचाळिसावी.

काय सांगू, हात टेकले. एका बाजूने मोठा रस्ता येतो, तो मध्ये एका विहिरीला तीन बाजूंनी वळसा घालून दाराकडे जातो. वरच्या अंगाने एक पायवाट येते, ती थेट दारात. दुसऱ्या लाटेला त्या पायवाटेवरून सहा उंदीर तुरुतुरु येतात. बाराव्या लाटेला मोठ्या रस्त्यावर वटवाघळं येतात, त्यांना तोफ लागत नाही, बाणच लागतात. आणि अठराव्या लाटेला येतो रेडा. अंगावर लोखंडी पत्रे. बाण त्याला गुदगुल्या केल्यासारखे. तो एकटा दारात शिरला की विसाच्या वीस जीव खलास.

मी पायवाटेवर एक बाणांचा बुरूज बांधायचो, उंदीर टिपायचो, आणि उरलेल्या सगळ्या नाण्यांच्या दारापाशी तोफा लावायचो. चार तोफा, एका ओळीत, एका मापाच्या. काम कसं डोळ्यांत भरलं पाहिजे. रेडा यायचा, माझ्या चार तोफा त्याच्यावर एकेकदा वाजायच्या, दुसऱ्यांदा वाजेपर्यंत तो आत गेलेला असायचा. एकोणीस दिवस हेच चाललं. विसाव्या दिवशी मी फोन सोफ्यावर आपटला. बायको म्हणाली, "अहो, रेडा आला वाटतं." तिला इतकंच ठाऊक होतं, पण तेवढं पुरेसं होतं.

त्याच दिवशी खेळाने मला विचारलं की तुमच्या ओळखीचे कोण कोण खेळतात ते दाखवू का. मी न वाचता 'हो' दाबलं. न वाचता होकार देण्याचा सराव होता. यादी उघडली. तिच्यात दोनच जण होते. एक आमचा गॅस सिलिंडर आणणारा, बाराव्या लेव्हलवर. दुसरं नाव होतं 'अक्का धुळे'. लेव्हल एकसष्ट.

अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. चौसष्ट वर्षांची. गुडघे दुखतात, मान धरते, फोनवर बोलताना अजून असं ओरडते की धुळ्याहून आमच्या जळगावला आवाज फोनशिवाय पोचावा. ती एकसष्टावर! मी डोळे पुसून परत पाहिलं. आधी वाटलं नातवंडाचा उद्योग असेल. मग आठवलं, तिची नातवंडं परदेशात, वर्षातून एकदा येतात. मग वाटलं दाजी असतील. पण दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पंख्याचं रेग्युलेटरसुद्धा झेपत नाही.

मी जळलो, खोटं कशाला बोलू. पण तिला फोन करून विचारायची सोय नव्हती. अक्का आणि मी चार वर्षं बोलत नव्हतो.

त्याचं असं झालं होतं. आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा लेकीबाळींचा सण. दिवाळी एक वेळ हुकली तरी चालेल, आखाजीला लेक माहेरी हवी. आणि तिने आपलं आपण यायचं नसतं. भावाने जाऊन आणायचं असतं. त्या आणायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. आईवडील गेल्यावरही अक्काचा मुराळी मीच होतो, दरवर्षी जायचो. त्या वर्षी नेमकं आखाजीच्या तोंडावर आमच्या कार्यालयात लेखापरीक्षण लागलं. मी काय करावं? मी गाडी पाठवली. साधीसुधी नाही, पांढरी, एसी, धुतलेली. चालकाला बजावलं की बाईंची मान दुखते, खड्डे बघून चालव. गाडी धुळ्याला गेली आणि रिकामी परत आली. त्या दिवसापासून अक्का आखाजीला आली नाही आणि माझ्याशी बोलली नाही.

यात माझं काय चुकलं? हा प्रश्न मी चार वर्षं जो भेटेल त्याला विचारला. प्रत्येकाने सांगितलं, "तुमचं काहीच चुकलं नाही साहेब." सांगणारे सगळे माझ्या हाताखालचे होते, ही गोष्ट वेगळी.

पण आखाजीला सकाळी नवी घागर भरून मांडताना, तिच्यावर आंबे, डांगर म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवताना, हात जड व्हायचा. ती घागर आईवडिलांच्या नावाने भरायची. मला वाटायचं दोघं वरून विचारतायत, लेक कुठे आहे रे? पांढरी गाडी पाठवली होती हे उत्तर त्यांना चाललं नसतं. मला अक्का हवी होती. हे मी कोणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही.

बायकोचं आणि अक्काचं मात्र मस्त चाललेलं. रोज सकाळी भाजी निवडताना स्पीकरवर गप्पा. मी बाजूच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायचो, म्हणजे अक्काच्या घरचं सगळं मला कळायचं आणि मी ऐकत नाही हेही सगळ्यांना कळायचं. त्या दिवशी मी बायकोला हळूच म्हटलं, "सहज विचार ना अक्काला, त्या एकेचाळिसाव्या लेव्हलला रेड्याचं काय करायचं? माझं नाव घेऊ नकोस."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर लाजला असता. मग फोनमध्ये म्हणाली, "अक्का, त्या एकेचाळिसाव्या लेव्हलला रेडा येतो, त्याला काय करायचं हो?"

पलीकडून अक्का म्हणाली, "तू कधीपासून खेळायला लागलीस?"

"मी नाही हो. असंच. एका ओळखीच्यांना पाहिजे होतं."

"त्या ओळखीच्यांना म्हण," अक्का ओरडली, आणि मला खात्री आहे ती मुद्दामच ओरडली, "इथे येऊन विचार. फोनवर सांगायची गोष्ट नाही ती."

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते छोट्या जाहिरातींचं होतं. ते मी दोनदा वाचलं.

चार दिवसांनी मी धुळ्याला जायला निघालो. आखाजी तीन दिवसांवर आली होती, पण माझ्या डोक्यात आखाजी नव्हती, शपथेवर सांगतो. माझ्या डोक्यात रेडा होता. बायकोला सांगितलं की पेन्शनच्या कागदाचं काम आहे. "पेन्शनचं काम धुळ्याला?" तिने विचारलं. "काही कागद तिकडे असतात," मी म्हटलं. ती बरं म्हणाली आणि केळीच्या वेफर्सची पिशवी हातात दिली. हसली नाही. ती हसली नाही म्हणजे तिला सगळं कळलं, इतकं मला एवढ्या वर्षांत समजतं.

एसटीने गेलो. एरंडोल, पारोळा करत बस निघाली ती दर दोन किलोमीटरला थांबत. रस्त्याचं काम चालू, इकडे वळवा, तिकडे थांबा, एका ठिकाणी लाल झेंडा घेतलेला माणूस झाडाखाली झोपलेला. शत्रूची चाल मंदावण्यासाठी बर्फाचा बुरूज लागतो हे खेळ बनवणाऱ्याला कोणी सांगितलं असेल? आमच्या खात्यात आला असता तर नुसता लाल झेंडा पुरला असता. आणि हे सगळं माझ्याच खात्यातल्या लोकांनी केलेलं, त्यामुळे कोणाला शिव्या घालायचीही सोय नाही. बाराच्या उन्हात धुळ्याला उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला.

देवपुरातल्या अक्काच्या गल्लीत बायका ओट्यांवर बसल्या होत्या. कुठे कुरडया वाळत घातलेल्या, कुठे गहू निवडणं चाललेलं. मी वर न बघता चालत गेलो. एका ओट्यावरून मी कोण याची चौकशी झाली, "कोन शे वं हाऊ?" दुसरी काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मी चालण्याचा वेग वाढवला. दार अक्कानेच उघडलं.

तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं. चार वर्षांत केस पांढरे झाले होते तिचे, बरेच. "ये," म्हणाली आणि आत वळली. एवढंच. दाजी खाटेवर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपले होते. ते वर्तमानपत्राखालूनच "या, या" म्हणाले आणि परत घोरायला लागले. अक्काने पाण्याचा तांब्या आणला. मग ताट आणलं. कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा, कांदा. मी जेवलो. ती समोर बसून होती. मी सगळ्या वाटेत पाठ केलेलं वाक्य होतं, "अक्का, तब्येत कशी आहे?" पण तेही ठेच्यात बुडालं. हात धुतले, तशी ती म्हणाली, "काढ फोन."

मी काढला. ती माझ्या शेजारी सरकून बसली, चष्मा लावला. "खेळ. मी बघते."

मी लेव्हल लावली. पायवाटेवर बाणांचा बुरूज. मग दारापाशी पहिली तोफ. मग दुसरी. मी जरा ऐटीत तिच्याकडे पाहिलं. अक्काचा रागाचा पारा चढला की ती शाळेतली मराठी सोडून अहिराणीवर येते, लहानपणापासून.

"येडा शेस का रे तू? बठ्ठा पैसा आठेच घाली दिना!"

"सगळा इथे नाही तर कुठे घालू? दाराचं रक्षण करायचंय ना?"

"दाराशी आल्यावर त्याला किती वेळ मिळणार तुझ्या तोफेला? एक गोळा. ती विहीर बघ. रस्ता तिच्या तीन बाजूंनी जातो. तिथे बुरूज लावला की येणारा जाताना तीनदा त्याच्या समोरून जातो. तिथे आधी बर्फ लाव. चाल मंद झाली की मग तोफ. एकच तोफ, पण तिसऱ्या पायरीपर्यंत वाढवलेली. तुला चार कशाला लागतात, ओळीत उभ्या करायला?"

"तिसऱ्या पायरीला नाणी पुरत नाहीत."

"पुरतात. पायवाटेवरचा बुरूज बांधू नको."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अगं, मग सहा उंदीर आत येतील!"

"येऊ दे."

"सहा जीव जातील!"

"विसातले सहा. चौदा उरतात. त्या वाटेने परत कोणी येत नाही. सहा उंदरांसाठी तू पहिल्याच घासाला बर्फाचे पैसे उडवतोस आणि पुढे रेड्यापुढे हात जोडून उभा राहतोस."

"पण मग तीन तारे मिळत नाहीत."

अक्काने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोणाला दाखवायचेत?"

गॅसवाल्याला म्हणावं तर तो बाराव्यावर. मी लेव्हल परत लावली. दुसरी लाट आली. सहा उंदीर पायवाटेवरून निघाले. माझा अंगठा आपोआप तिकडे गेला तर अक्काने फटकन मनगटावर मारलं. खरंच मारलं. मी साठीला आलेला माणूस, अधीक्षक पदावरून निवृत्त, दाजींच्या देखत, म्हणजे झोपेत का होईना, मार खाल्ला. एक एक करून सहा उंदीर माझ्या दारातून आत गेले. विसाचे चौदा झाले. मला घाम फुटला.

"मेलास का?" अक्का म्हणाली.

"नाही."

"मग विहिरीपाशी बर्फ लाव."

लाटा येत राहिल्या. विहिरीपाशी शत्रू चिखलात फसल्यासारखे रांगत होते. वटवाघळांसाठी तिने दोन बाणांचे बुरूज बांधायला लावले. मी स्क्रीनकडे बघत होतो. तीही स्क्रीनकडेच बघत होती आणि त्याच आवाजात, जणू लेव्हलबद्दलच सांगतेय अशी, बोलायला लागली.

"त्या वर्षी मी आठ दिवस आधीपासून सगळ्या गल्लीला सांगत होते. माझा भाऊ येतोय म्हणून. मोठा साहेब आहे, पण मला न्यायला स्वतः येतो म्हणून. सकाळपासून नवी साडी नेसून ओट्यावर बसले. बॅग शेजारी. एक एक जणीचा भाऊ येत होता. कोणाचा मोटारसायकलवर, एकीचा तर लंगडत आला, पाय मोडलेला. मग तुझी गाडी आली. हॉर्न वाजवला. चालक उतरला आणि सगळ्या बायकांसमोर विचारलं, जळगावची सवारी कोण आहे?"

माझं बोट एका जागी टेकलेलं तसंच राहिलं.

"समोरची म्हणाली, भाऊ नही उना का? काय सांगू तिला, का नाही आला? लेखापरीक्षण आहे म्हणू? चालकाला आत बोलावलं, चहा पाजला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष. मग पाठवलं परत." तिने बोटाने दाखवलं. "बाराव्या लाटेचं बघ. वटवाघळं."

मी बघितलं. दोन निसटली. बारा जीव उरले.

"आखाजीला ही गल्ली ओस पडते," ती म्हणाली. "बठ्ठ्या माहेरी जातात. झोके बांधलेले असतात, झोक्यावर कोणी नसतं. दाजी झोपतात. चार आखाज्या मी त्या ओट्यावर बसून काढल्या. पहिल्या वर्षी हा खेळ सापडला. एकसष्ट लेव्हल अशा झाल्या, दुसरं काय."

मला वाटत होतं अक्का हुशार म्हणून पुढे गेली. ती रिकामी बसली म्हणून पुढे गेली होती. आणि तिला रिकामी मी बसवली होती, वर चार वर्षं मीच गावभर विचारत फिरत होतो की माझं काय चुकलं. लाज वाटली, सरळ सांगतो. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नाही, आणि तिथे प्रसंग कमी नव्हते.

"सतरावी झाली," अक्का म्हणाली. "आता बाणांचे दोन्ही बुरूज विक."

"विकू? बांधलेले?"

"वटवाघळं आता येत नाहीत. ते नुसते उभे आहेत. विक आणि तोफ वाढव."

एकदा निर्माण झालेलं पद रद्द करायचं! आमच्या कार्यालयात टंकलेखकाचं एक पद मशिनं भंगारात गेल्यावरही अकरा वर्षं चालू होतं, त्यावर माणूस होता, त्याला बढती मिळाली. पण मी विकले. निम्मी नाणी परत आली. तोफ तिसऱ्या पायरीला गेली. आणि रेडा आला.

विहिरीशी येताच तो बर्फात मंदावला. पहिल्या बाजूला चार गोळे बसले. दुसऱ्या बाजूला पाच. पत्रे उडाले. तिसऱ्या बाजूला अक्का आणि मी दोघंही उठून उभे राहिलो होतो, कधी उठलो कळलं नाही. "मार! मार त्याले!" अक्का ओरडत होती. दाजींच्या तोंडावरचं वर्तमानपत्र खाली पडलं. रेडा दारापासून चार पावलांवर कोसळला.

मी टाळी वाजवली. अक्काने माझ्या पाठीत एक धपका घातला. स्क्रीनवर एकच तारा चमकत होता, फिकट पिवळा. मला तो इतका आवडला की मी स्क्रीनचं चित्र काढून ठेवलं.

मग अक्काने पदराने चष्मा पुसला. "झालं तुझं काम," ती म्हणाली. "सव्वाचारची बस आहे जळगावची. नीघ, नाहीतर मग गर्दी होते." ती आत गेली, वेफर्स काढून घेतलेल्या माझ्या पिशवीत कुरडया भरून आणल्या आणि माझ्या हातात दिल्या. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी लेव्हलसाठी आलो होतो, लेव्हल झाली, आता मी जाणार, यात तिला काही नवल वाटत नव्हतं.

मी दारापर्यंत आलो. चपला उचलल्या. बोलायचं होतं, पण वाक्य तयार होईना. मनात मसुदा सुरू झाला, तोही कसला, तर 'विषय: बहिणीस माहेरी नेणेबाबत. संदर्भ: चार वर्षांपूर्वी पाठवलेले वाहन. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की.' छत्तीस वर्षं मी हजारो लोकांना कळवलं होतं. कोणालाही कधी काही सांगितलं नव्हतं. अक्का दाराला हात लावून उभी होती, मी गेल्यावर लावून घ्यायला.

"अक्का," मी म्हटलं, "चुकलं माझं."

तिने दारावरचा हात काढला नाही.

"मी तुला न्यायला आलोय."

"खोटं बोलू नको. तू रेड्यासाठी आलास."

"आलो रेड्यासाठी," मी म्हटलं. माझा आवाज फाटला, फाटू दे. "पण आता तुझ्यासाठी उभा आहे. तू आल्याशिवाय मी जात नाही. घागर भरताना आईला तोंड दाखवता येत नाही मला, अक्का."

मला वाटलं नाही म्हणेल. नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता.

"बॅग भरायला वेळ लागेल," ती म्हणाली.

"थांबतो."

"बस चुकेल."

"चुकू दे."

पण बॅग भरायला ती आत गेलीच नाही. मला कोपराने बाजूला सारून ती ओट्यावर आली. दुखरे गुडघे, तरी ओट्याच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली, पदर खोचला आणि धुळ्याहून जळगावला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "मना भाऊ उना वं! माले लेवाले उना!"

गहू निवडणारे हात थांबले. ओट्याओट्यावरच्या बायका वळून पाहायला लागल्या, पहिल्यांदा तिच्याकडे, मग माझ्याकडे. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी बसली होती, ती कानाने कमी. तिने हात कानाला लावून काय झालं म्हणून खूण केली. तेव्हा भाऊ न्यायला आलाय हे अक्काने परत एकदा, आणखी मोठ्याने सांगितलं. मी एका हातात कुरडया आणि एका हातात चपला घेऊन तिच्यामागे उभा राहिलो.